खांद्यावरून दिसलेला रस्ता

"हातोडा ठेव खाली," मिस्त्रींनी मजुराला सांगितलं आणि थापीच्या मुठीने ते स्वतःच खिडकीखालची भिंत ठोकत गेले. डावीकडून सुरुवात केली. चार-पाच ठोक्यांनंतर एके ठिकाणी आवाज बदलला. त्यांनी खिशातला खिळा काढून गिलावा खरवडला. आत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा निघाला. दोन वेगळ्या काळातल्या विटा शेजारी शेजारी होत्या, पण एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या. कोणताही गवंडी हौसेने असा सांधा ठेवत नाही. आधी इथे मोकळी जागा होती आणि नंतर कोणीतरी ती बुजवली, एवढाच त्याचा अर्थ.

"सापडला?" मागून आर्किटेक्ट मॅडमने विचारलं.

"सापडला. तुमचा नकाशा खरं बोलतोय."

मॅडम वयाने मिस्त्रींच्या मुलीपेक्षाही लहान होती, पण कामाला पक्की. शिडीवर चढायची, धुळीत बसकण मारायची आणि 'काका, काका' करत मिस्त्रींकडून रोज काहीतरी नवं शिकून घ्यायची. अनाथालयाची ही इमारत एकशे तीस वर्षांची. शेवटची मुलं इथून हलली त्यालाही वीस वर्षं झाली होती, आणि आता इथे वाचनालय होणार होतं. दुरुस्ती सगळी जुन्या पद्धतीने, चुन्यातच करायची असं ठरलं. चुन्यातलं काम येणारे गवंडी आता शोधावे लागतात. शोधत शोधत मंडळी मिस्त्रींच्या दारात आली. अडुसष्टावं वर्ष, गुडघ्यांची रोजची कुरकुर, तरीही मिस्त्री पटकन हो म्हणून गेले. आपण याच इमारतीत लहानाचे मोठे झालो, हे त्यांनी आठवडाभर कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

सांगितलं तेव्हा मॅडमने आनंदाने टाळी वाजवली होती. त्या दिवसापासून ती इमारत त्यांना नव्याने दाखवत होती, आणि मिस्त्रींना थोडं हसूही येत होतं. जिथे आपण सहाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन आलो, तिथलं घर कोणी आपल्याला दाखवावं म्हणजे गंमतच. पण मुलगी सांगत होती ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या नेहमीच्या निम्म्या उंचीच्या, कारण पाय छोटे. जिन्याला कठडे दोन, एक मोठ्यांच्या हाताशी येणारा आणि त्याच्या खाली दुसरा, चार वर्षांच्या मुलाला धरता येईल असा. दारांच्या कड्या मिस्त्रींच्या कमरेएवढ्या उंचीवर. ज्याने ही इमारत आखली त्याने आधी जमिनीवर गुडघे टेकून बघितलं असणार, असं मॅडमचं म्हणणं.

खिडक्यांचं मात्र कोडं होतं. वरच्या मजल्यावरच्या, मागच्या बाजूच्या या लांबलचक खोलीत लहान मुलं झोपायची. पाच खिडक्या, आणि पाचही सहा फुटांवर सुरू होणाऱ्या. मोठा माणूससुद्धा टाचा उंच केल्याशिवाय बाहेर बघू शकत नसे. मुलांनी बाहेर बघून रडू नये म्हणून मुद्दाम तशा ठेवल्यात, असं इथली मुलं पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांगत आली. मिस्त्रींनीही साठ वर्षं तेच धरून ठेवलं होतं. मूळ नकाशात खिडक्या जमिनीपासून दीड फुटावर होत्या. मुलाने गादीवर बसल्या बसल्या बाहेर बघावं म्हणून. बाहेर तेव्हा बाग होती. पुढे संस्थेला बागेची पट्टी विकावी लागली, घेणाऱ्याने तिथे चार फुटांचा बोळ सोडून गोडाऊन उभं केलं, खोलीत काळोख आणि ओल यायला लागली, तेव्हा कुणा व्यवस्थापकाने खिडक्या खालून बुजवून टाकल्या.

"म्हणजे कुणी मुद्दाम नाही केलं," मिस्त्री म्हणाले. हे समजून त्यांना बरं का वाटलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"शनिवारपर्यंत ही पहिली खिडकी मोकळी करू शकाल? जुनी मुलं येणार आहेत. म्हणजे, तुमच्यासारखी मुलं." मॅडम हसली आणि तिने वहीतला एक कागद काढला. "खिडकीशेजारी एक पाटी लावणार आहे, त्यांच्या आठवणींची. काकूंनी परवा फोनवर तासभर सांगितलं. तुम्हाला बोलल्या नाहीत वाटतं?"

बोलली नव्हती. मिस्त्रींच्या बायकोचंही लहानपण याच खोलीत गेलं होतं. मॅडमने वाचायला सुरुवात केली. 'दर गुरुवारी माझी आई या खिडकीखालच्या रस्त्यावरून जायची. तिच्याकडे निळी छत्री होती. ती थांबून वर बघायची. मला ती कधी दिसली नाही, कारण मी खूप लहान होते, पण एक मुलगा दुसऱ्यांच्या खांद्यावर चढून मला सगळं सांगायचा. पुढे त्याच मुलाशी मी लग्न केलं.'

"इतकं सुंदर आहे ना," मॅडम म्हणाली. "फक्त एक अडतंय, काका." तिने शिडी खिडकीला लावली आणि त्यांना वर चढायला सांगितलं. मिस्त्री चढले. समोर गोडाऊनची भिंत होती, हात लांबवला तर जवळजवळ लागेल अशी, आणि तिच्यात बसवलेल्या दगडावर बांधकामाचं साल कोरलेलं होतं. मिस्त्रींच्या जन्माच्या अकरा वर्षं आधीचं. "इथून रस्ता दिसतच नाही. तेव्हाही दिसत नसणार. मग काकूंची आई दिसली कुणाला? दुसरी कुठली खिडकी होती का? की मी हे पाटीवरून काढून टाकू?"

मिस्त्री शिडीवरच उभे राहिले. खाली उतरेपर्यंत उत्तर सुचेल असं त्यांना वाटलं, पण शिडी फारच बुटकी निघाली.

"घरी विचारतो तिला," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

खिडकी मोकळी करायला दोन दिवस पुरेसे होते. जे सांगायचं होतं त्याला साठ वर्षं पुरली नव्हती.

त्या काळात या खोलीत एक रिवाज होता. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मुलांवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाई हिशोबाला बसल्या की दोन दांडगी मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. त्यांच्या खांद्यावर एकजण चढायचा. त्याला 'वरचा' म्हणत. वरच्याने खिडकीचे गज धरायचे आणि रस्ता सांगायचा. खाली पंधरा-वीस पोरं गाद्यांवर बसून ऐकायची. घोडागाडी चालली. एका माणसाने दुसऱ्याची टोपी पाडली. कुत्रा पावाची लादी घेऊन पळाला, बेकरीवाला मागे. रोज अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासावर मुलं दुसऱ्या दिवसापर्यंत काढायची.

मिस्त्री आठ वर्षांचे असताना लांब्या नावाच्या मोठ्या मुलाने त्यांना पहिल्यांदा वर चढवलं. आवाज चांगला होता आणि तोंडाची टकळी बंद होत नसे, एवढीच त्यांची लायकी. त्यांनी गज धरले, बाहेर बघितलं, आणि समोर भिंत. वर आभाळाची एक चिंधी, खाली अंधारा बोळ. घंटा, चाकांचे खडखडाट, फेरीवाल्यांच्या हाका पुढच्या रस्त्यावरून बोळात शिरत आणि भिंतीवर आपटून खिडकीतून आत येत. आवाज तेवढे खरे होते. घोडा, टोपी, कुत्रा, बेकरीवाला यातलं काहीही तिथे कधीच नव्हतं.

खाली सगळे वाट बघत होते. लांब्याने खालून हळूच त्यांची पोटरी दाबली. आठ वर्षांचं पोर म्हणालं, "एक म्हातारा चाललाय. त्याच्या डोक्यावर खुर्ची आहे." आणि पोरं खूष झाली.

खाली उतरल्यावर लांब्याने त्यांना कोपऱ्यात घेतलं. जो जो वर जातो त्याला हे कळतं आणि तो ते खाली सांगत नाही, असं त्याने बजावलं. त्यालाही कुणीतरी तसंच बजावलं होतं. आणखी एक नियम होता, तो सगळ्यात कडक. रस्त्यावर वाटेल ते आणावं, वाघ आणला तरी चालेल, पण कोणाचं माणूस आणायचं नाही. कोणाची आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. "ते केलंस तर पोरगं मरेपर्यंत खिडकीखाली बसेल," लांब्या म्हणाला होता. तो स्वतः तेव्हा जेमतेम दहाचा असेल.

हा नियम फक्त एकाने मोडला.

पाच वर्षांची एक मुलगी त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आली. अंगाने इतकीशी की पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मुंगी' पडलं. ती रडत नव्हती, बोलत नव्हती आणि जेवतही नव्हती. मोठ्या बाईंनी समजावलं, दटावलं, शेवटी डॉक्टरला बोलावलं. तिसऱ्या संध्याकाळी तोच आठ वर्षांचा पोरगा वर चढून रस्ता सांगत असताना ती गादीवरून उठली, भिंतीपाशी आली आणि मान वर करून तिने विचारलं, "माझी आई आहे का तिथे?"

लांब्याने पोटरी दाबली, चांगली जोरात. पण वरच्याने खाली बघितलं होतं आणि तिचा चेहरा बघितला होता. समोर भिंतीवर पाण्याचा पाइप होता, त्याच्या तोंडावर पत्र्याचं झाकण होतं, निळ्या रंगाचं. दुसरं काही रंगीत तिथे नव्हतंच.

"निळी छत्री घेतलेली एक बाई थांबलीय," तो म्हणाला. "वर बघतेय."

मुंगीने हात वर करून हलवला, आणि त्या रात्री ती जेवली. लांब्या पुढे महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पण पोर जेवायला लागली होती, आणि एकदा आणलेली बाई परत नेणं सोपं नव्हतं. त्याने ती फक्त गुरुवारी येईल असं ठरवून टाकलं. दोन वर्षं दर गुरुवारी निळी छत्री यायची. मग त्याला मोठ्या मुलांच्या खोलीत हलवायची वेळ आली. शेवटच्या गुरुवारी त्याने सांगितलं की बाईच्या हातात बॅग आहे, ती लांब कामाला निघालीय आणि हात हलवून निरोप घेतेय. एवढी अक्कल त्याला कुठून सुचली कोण जाणे.

पुढे दोघं वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडली. तो एका गवंड्याच्या हाताखाली लागला, ती शिवणकाम शिकली. एका बांधकामावर, शेजारच्या शिवणाच्या दुकानातून ती पाणी मागायला आली तेव्हा तिनेच त्याला ओळखलं. लग्नाचंही तिनेच विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे काय आहे? तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या आईला बघितलेला जगात तू एकटाच आहेस."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण तो चोवीस वर्षांचा होता आणि ती त्याला फार आवडली होती. खरं सांगितलं तर ती निघून जाईल, अशी त्याला धास्ती होती. मग लग्न झालं, मुलगी झाली, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दोन खोल्यांत आले. लोकांसमोर ती 'अहो' म्हणायची आणि घरात 'तू', तो तिला अजून 'मुंगी'च म्हणायचा. तिच्या भाषेत अनाथालय म्हणजे माहेर. "दोघांचं माहेर एकच, त्यामुळे मला भांडून जायलाही जागा नाही," असं ती शेजारणींना सांगायची. पण इतक्या वर्षांत तिथे ती एकदाही गेली नव्हती. तिथलं सगळं आपल्याला पाठ आहे, असं म्हणायची. घरात छत्री घ्यायची तर निळीच. मुलगी सासरी निघाली तेव्हा बाकीच्या सामानावर निळी छत्री ठेवली होती आणि दोघी मायलेकी तिच्याकडे बघून रडल्या होत्या. मिस्त्री तेव्हा टेम्पोची दोरी आवळत बसले. त्या दिवशी त्यांनी ती दोरी चार वेळा सोडून बांधली.

आता तीच छत्री पाटीवर लागणार होती, आणि पाटीच्या समोर गोडाऊनची भिंत असणार होती, तिच्यावर साल कोरलेलं. शनिवारी ती खिडकीतून बघेल आणि चार माणसांसमोर तिला कळेल. तिला कळणारच असेल तर ते घरात, आपल्या तोंडून कळावं, एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं मिस्त्रींनी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. मंगळवारी त्यांनी विषय काढायला तोंड उघडलं आणि मुलीचा फोन आला. बुधवारी तिच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला, तो बसवून देण्यात त्यांनी नको इतका वेळ घालवला. गुरुवारी तिने स्वतःच सांगितलं की शनिवारी घालायला तिने कपडे काढून ठेवलेत आणि इतक्या वर्षांनी ती खिडकी बघायला मिळणार म्हणून तिला झोप येत नाही. "ती पोरगी म्हणाली, खालपर्यंत उघडणार आहेत. म्हणजे रस्ता बसून दिसेल. आई थांबायची ती जागा दाखवशील ना मला?" मिस्त्रींच्या हातातला चहा तसाच निवला.

शुक्रवारी सकाळी ती मशीनवर बसली होती. मिस्त्रींनी डबा हातात घेतला, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत आले. चपला न काढताच ते तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. घरात चपला घालून कोणी आलेलं तिला अजिबात खपत नसे, त्यामुळे तिने मशीन थांबवून आधी पायांकडे बघितलं आणि मग चेहऱ्याकडे.

"काय झालं?"

"मुंगे, त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही," ते म्हणाले. "कधीच दिसत नव्हता. समोर भिंत आहे. आपण दोघं जन्मायच्या आधीपासून आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लांब्या, पोटरी, नियम, टोपी पाडणारा माणूस, पावाची लादी. सगळ्यात शेवटी छत्री. सांगताना ते तिच्याकडे बघू शकले नाहीत, मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. बोलणं संपलं तेव्हा तिचा हात अजून चाकावरच होता.

"कुणीच नव्हतं?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"एकदाही नाही?"

"नाही."

ती रडेल, ओरडेल, काहीतरी फेकेल, या सगळ्याची मिस्त्रींनी मनात तयारी केली होती. तिने सुईतून निसटलेला दोरा उचलला, ओठांनी ओला केला आणि ओवायला लागली. दोन वेळा चुकला.

"निळीच का?"

त्यांनी पाइपाच्या झाकणाचं सांगितलं.

"झाकण," ती म्हणाली. दोरा ओवला गेला होता, पण तिने मशीन चालू केली नाही. "मी तुझ्याशी लग्न कशासाठी केलं, आठवतं ना?"

"आठवतं."

"मग जा कामाला. उशीर होतोय तुला."

त्या दिवशी मिस्त्रींनी खिडकीखालचा भराव काढला. एकेक वीट थापीने सोडवून बाजूला रचली, मजुराला हात लावू दिला नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर तिने तो रोजच्यासारखाच भरला होता, काही कमी नाही, काही जास्त नाही. त्यावरून काय समजायचं ते त्यांना कळेना. संध्याकाळी घरी गेले तर तिने त्यांना वाढलं आणि स्वतः ताट घेऊन मशीनपाशी बसली. चव्वेचाळीस वर्षांत ती दोघं घरात कधी वेगवेगळी जेवली नव्हती. काढून ठेवलेले कपडे खुर्चीवरून पुन्हा कपाटात गेले होते.

शनिवारी मंडळी अकराला येणार होती. मिस्त्री आठलाच पोहोचले. खिडकीच्या कट्ट्याला शेवटचा चुन्याचा हात द्यायचा राहिला होता. मॅडमने पाटी आणली होती, तिच्यावर बाकीच्यांच्या आठवणी होत्या आणि मधे एक चौकोन कोरा होता. "काकूंना विचारलंत?" तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, विचारलं. तिने पुढे काही विचारलं नाही. मुलगी समजूतदार होती.

साडेनऊच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्रींनी ती ओळखली. मुंगी वरती आली, रोजच्याच कपड्यांत. दारात क्षणभर थांबून तिने श्वास घेतला.

"पायऱ्या चांगल्या आहेत," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "गुडघ्याला लागत नाहीत."

मॅडमने तिला नमस्कार केला, पाटी दाखवली, कोऱ्या चौकोनाचं कारण अडखळत सांगायला लागली. मुंगीने तिला मधेच थांबवलं. आठवण बदलायची आहे, असं ती म्हणाली आणि उभ्या उभ्या, शिवणाचं माप सांगावं तसं, तिने नवीन सांगितलं. 'संध्याकाळी एक मुलगा वर चढायचा आणि आम्ही खाली बसून ऐकायचो. तो सांगेल ते आम्हाला खरं वाटायचं.' एवढंच. मॅडमने लिहून घेतलं, खाली नाव काय घालू म्हणून विचारलं. नाव नको, असं उत्तर मिळालं. कागद घेऊन मॅडम खाली गेली, आणि आपलं इथे काही काम नाही हे ओळखून मजुरालाही घेऊन गेली.

मुंगी खोलीभर फिरली. भिंतीवर गादीचे आकडे अजून पुसट दिसत होते. आपल्या आकड्यापाशी येऊन ती थांबली. तो उघडलेल्या खिडकीच्या अगदी शेजारी होता. ती खिडकीशी गेली नाही. त्या आकड्याखाली, भिंतीला पाठ लावून, हाताने जमीन चाचपत हळूहळू खाली बसली. खिडकीतून येणारा उजेड तिच्या पायांपर्यंत पोहोचत होता.

"मुंगे, तिथे चुना सांडलाय," मिस्त्री म्हणाले. "कपडे खराब होतील."

"होऊ देत." तिने डोळे मिटले. "सांग."

"काय सांगू?"

"काय दिसतंय ते. तू वरचा ना? सांग."

आता खांदे लागत नव्हते, गज धरावे लागत नव्हते. त्यांनी थापी खाली ठेवली आणि कट्ट्यावर दोन्ही हात टेकून बाहेर बघितलं.

"भिंत आहे," ते म्हणाले.

"कशी?"

"विटांची. भाजणी चांगली आहे, पण सांधे जाड ठेवलेत. घाई केलेली दिसते. डावीकडे तडा आहे, वरून खाली. त्यात एक झाडाचं रोप उगवलंय, चार पानं आहेत. वर पत्रा. पत्र्याच्या आणि आपल्या छपराच्या मधे आभाळ, हातभर. खाली बोळात पाणी साचलंय."

"आणि पाइप?"

"आहे. तोच आहे. गंजलाय."

"झाकण?"

मिस्त्री वाकले, मान तिरकी करून नीट बघितलं. खोटं सांगायची ही शेवटची संधी होती आणि सवय जुनी होती.

"आहे. सगळं तांबडं झालंय. आतल्या कडेला नखाएवढा निळा उरलाय, बस."

खाली कोणीतरी लवकर आलं होतं, मॅडम त्यांना जिन्याचे दोन कठडे दाखवत असल्याचं ऐकू येत होतं. मुंगीने गुडघ्यावरचा हात उचलला, थोडासा, खांद्यापर्यंतही नाही, आणि परत ठेवला.

"आणखी कोणी आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता, पण डोळे मिटलेलेच होते. "तू थांबू नकोस. सांगत राहा."

मिस्त्रींनी मनगटाने नाक पुसलं, त्याला चुना लागला. मग त्यांची नजर समोरच्या भिंतीच्या डाव्या टोकाला गेली आणि ते पहिल्या विटेपासून सांगायला लागले.